डबीवरची फुली

घरात मला फौजदार म्हणत. फौजदारकीशी माझा काडीचा संबंध नव्हता. पनवेलच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. पण दुधात पाणी किती, पोस्टमनने पत्र दोन दिवस उशिरा का दिलं, शेजारी आज एवढा गोड का बोलतोय, असल्या चौकश्या माझ्या डोक्यात आपोआप सुरू होत. बायको म्हणायची, "देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी तुम्ही आधी वास घेऊन बघाल." त्यात खोटं काही नव्हतं.

म्हणूनच माझी तंबाखूविरोधी पोस्टरं भिंतींवरून नाहीशी व्हायला लागली, तेव्हा ती कोणी नेली हे मला एका क्षणात कळलं. निदान कळलं असं वाटलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट असेल. आरोग्यप्रचारासाठी तालुक्यात एक समिती निघाली होती. तिचे प्रमुख एक सरकारी साहेब, सोबत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आणि गावातली तीन प्रतिष्ठित माणसं. तंबाखूचे दुष्परिणाम लोकांना चित्रांतून समजवायचे असं ठरलं, आणि चित्रं काढायला फुकटात मिळणारा माणूस म्हणून माझं नाव निघालं. पहिल्या बैठकीला गेलो तर तासाभरात पाचांतले तिघे थुंकायला बाहेर जाऊन आले. साहेब गेले नाहीत, पण त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात चुना होता. तो मी पाहिला आणि मनात टिपून ठेवला. कुंपणच शेत खात असेल तर राखणदारी करायची कुणासाठी, असा प्रश्न मला तिथेच पडला होता.

तरीही मी हो म्हटलं, ते माझ्या बहिणीसाठी.

माझी थोरली बहीण गव्हाणला दिलेली. आम्ही तिला बाय म्हणत असू. आमचे आईवडील मिठागरात राबले, बायही तेच करत होती. मी तेवढा शिकून पनवेलला आलो, सदरा-पायजम्यातला झालो आणि माझी भाषा बदलली. बाय मला नावाने हाक मारीत नसे, 'मास्तर' म्हणे, आणि त्या मास्तरमध्ये थोडा अभिमान आणि बरीच टिंगल असे. मिठागरावर जाणाऱ्या सगळ्या बायांप्रमाणे तीही मशेरी लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि उठल्याबरोबर उंबऱ्यात बसून बोटाने दातांवर घासायची. पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी. लहानपणी मला आईच्या अंगाला येणारा वास म्हणजे मिठाचा आणि जळक्या मशेरीचा, दोन्ही मिळून एकच वास वाटायचा.

त्या वर्षी बायला तिखट सोसेना म्हणून मी तिला डॉक्टरांकडे आणलं होतं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तिच्या गालाच्या आत पाहिलं आणि मलाही दाखवलं. पांढरा चट्टा होता, करंगळीच्या नखाएवढा. तिला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "आज हा फारसा त्रास देत नाही. मशेरी सुटली तर कदाचित निघूनही जाईल. नाही सुटली तर मात्र मी काही सांगू शकत नाही. अशा चट्ट्यांचं पुढे काय होतं ते मुंबईच्या इस्पितळात मी पाहिलंय."

परतीच्या वाटेवर मी बायला समजावलं. ती पदर तोंडाशी धरून हसली.

"दात घासनं कोन सोडील का रं? तो डाक्टर सोडतो का?"

"बाय, ती तंबाखू आहे."

"तंबाखू बापये खातात. आमी मशेरी लावतो."

पुढे बोलायची सोयच ठेवली नाही तिने. माझ्या बोलण्याने ती ऐकणार नव्हती, कारण मी तिच्या कडेवर वाढलेला. पण सरकारने छापल्यासारखं काही तिच्या गावातल्या भिंतीवर लागलं, चार बाया त्यापुढे उभ्या राहिल्या, तर ऐकेल असं मला वाटलं. साहेबांना मी हे सांगितलं नाही. पोस्टर साऱ्या तालुक्यासाठी होतं, पण मी ते एकाच बाईसाठी काढायला बसलो.

चेहरा तिचाच घेतला. सुट्टीच्या दिवशी गव्हाणला जाऊन तिला ओटीवर बसवलं, हातात डबी दिली. ती लुगडं बदलून, मोठं कुंकू लावून बसली आणि मला दम दिला, "मास्तर, बरी काढ हां मना. दात काले काढशील तर गावात तोंड दाखवाची सोय नाय रहाची." मी हसणारी बाय काढली. दात पांढरे ठेवले. खरं सांगायचं तर काळ्या दातांची बाय मला काढवतही नव्हती.

चित्र दोनच रंगांत बसवायचं होतं, काळ्या आणि तांबड्या. जाड पुठ्ठ्यातून आकार कापायचे, कागदावर पुठ्ठा दाबून धरायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा, म्हणजे एकाच साच्यातून पन्नास-साठ कागद निघतात. रंगाला निराळा खर्च नको म्हणून डॉक्टरांनी तांबड्या रंगाचा अर्धा डबा दिला. दवाखान्याच्या भिंतीवर अधिक चिन्हासारखी मोठी तांबडी खूण मीच रंगवली होती, त्यातला हा उरलेला रंग.

शब्द लिहायची वेळ आली तेव्हा मी 'मशेरी सोडा' एवढंच लिहून नेलं. साहेबांनी पेन्सिलीने ते काटलं.

"मास्तर, हा शब्द ग्राम्य आहे. सरकारी कागदावर शोभत नाही. शिवाय मशेरी म्हणजे काय हे जिल्ह्याच्या कचेरीत कुणाला कळणार?"

"कचेरीतल्यांसाठी थोडंच काढतोय, साहेब?"

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग स्वतःच्या सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'तंबाखू आरोग्यास घातक आहे'. तंबाखूच्या व्यापाऱ्याने यांच्या कानाला लागून हे करवलं, मशेरीचं नाव मुद्दाम गाळलं, अशी शंका मला लगेच आली. माझ्या शंकांना दारं नव्हती, त्यांना आतबाहेर करायला वेळ लागत नसे.

उरली फुली. सोडा, नको, वाईट, हे सगळं चित्रात सांगायचं तर त्यावर तांबडी फुली मारायची, हे कुठल्याही शाळामास्तराला झोपेतही सुचेल. मी आयुष्यभर पोरांच्या चुकांवर फुल्याच मारत आलो होतो. पहिल्या कागदावर मी तिरकी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. मारली आणि बघवेना. कुंकू लावलेल्या, हसणाऱ्या, आपल्या थोरल्या बहिणीच्या तोंडावर मी काट मारली होती. बायको मागून येऊन बघून गेली आणि म्हणाली, "शुभ बोल नाऱ्या. जित्या बाईवर असली काट मारतात का?" मी तो कागद फाडून चुलीत घातला.

मग फुली तोंडावरून काढून डबीवर आणली. वाईट डबी आहे, बाय नाही, असं मनाशी म्हटलं आणि ते पटलंही. पण डबी लहान, तिरक्या रेघा तिच्या बोटांवरून जायला लागल्या. बोटं वाचवायला फुली उभी केली. एक रेघ आडवी, एक उभी, बरोबर झाकणाच्या मधोमध. बेतशीर दिसली. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, हे आज लिहितानाही कान गरम होतात.

पावसाळा सरला तशी पोस्टरं लागली. गव्हाणच्या चावडीवर, विहिरीजवळच्या भिंतीवर, मिठागराच्या वाटेवरच्या झोपडीला, शिवाय कामोठ्याला आणि पनवेलच्या बाजारात दहाबारा. आठ दिवसांनी मी सायकल काढून पाहणीला निघालो. गव्हाणच्या चावडीवर खळीचा नुसता चौकोन शिल्लक होता, पोस्टर नव्हतं. विहिरीपाशी नव्हतं. झोपडीला नव्हतं. मी नखाने खळ खरवडून पाहिली. कुणी रागाने फाडलं असतं तर कपटे राहिले असते. इथे एकही कपटा नव्हता. पाणी मारून, सावकाश, कोपऱ्यापासून सोडवून नेलेलं होतं. हे काम जपून केलेलं होतं, आणि जपून काम करणारा माणूस मला नेहमीच जास्त संशयास्पद वाटत आला आहे.

पनवेलच्या बाजारात तंबाखूच्या पानांचा मोठा व्यापारी एकच होता. सगळे त्याला शेठ म्हणत. आसपासच्या साऱ्या गावांत मशेरीची पानं त्याच्याच दुकानातून जात. पोस्टरं नाहीशी झाल्याने फायदा कुणाचा? हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी दुसऱ्यांदा पोस्टरं काढली, लावली, आणि तीही चार दिवसांत गेली. आता मी शाळा सुटली की शेठच्या दुकानासमोरच्या सायकलवाल्याकडे बसू लागलो. चाकातली हवा रोज तपासून घेणारं गिऱ्हाईक त्या सायकलवाल्याने जन्मात पाहिलं नसेल. दुकानात बायांची गर्दी वाढलेली दिसत होती. शेठ कुणाशी तरी बोलून हसे, की माझी खात्री पटे.

एक दिवस मला दुकानाच्या आतल्या भिंतीवर बाय दिसली. माझं पोस्टर, गादीच्या बरोबर वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी. अंगाचा तिळपापड झाला. मी चपला न काढता आत गेलो.

"शेठ, हे कुठून आणलंत?"

"या मास्तर, या!" शेठ उठून उभे राहिले. "मीच येणार होतो तुमच्याकडे. एका बाईनं आणून दिलं. म्हणाली, हे लावा, आणि यातली पानं द्या."

"यातली म्हणजे?"

"तेच तर मलाही कळेना. रोज दहा बाया येतात, चित्रातली मशेरी द्या म्हणतात. मी म्हणतो, बाई, पानं हीच, नेहमीची. पण चित्र दाखवल्याशिवाय घेत नाहीत. तुम्ही नक्की काय लिहिलंय वर?"

"तंबाखू घातक आहे असं लिहिलंय."

"ते मी वाचलं," शेठ म्हणाले आणि खरोखरच गोंधळल्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले. "म्हणून तर मला वाटलं, तुम्ही माझी थट्टा करताय."

या साळसूदपणाचा मला इतका संताप आला की मी भिंतीवरून पोस्टर ओढून फाडलं. माझ्याच बहिणीच्या चेहऱ्याचे दोन तुकडे केले आणि ते हातात घेऊन भर बाजारातून चालत निघालो. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी वाटेत ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. शेठ खोटं बोलतोय, साहेब सामील आहे, आणि मशेरी हा शब्द या दोघांनी मिळून खाल्ला, असा एक सविस्तर अर्ज मी मनातल्या मनात लिहूनही टाकला. त्याला पुरावा हवा होता. तो आणायला मी पुढच्या रविवारी गव्हाणला गेलो. घरोघर विचारायचं ठरवलं होतं, की शेठचा माणूस पोस्टरं काढताना कुणी पाहिला का.

विचारावं लागलं नाही. पहिल्याच घरात पोस्टर चुलीशेजारच्या भिंतीवर होतं. दुसऱ्या घरात देव्हाऱ्याखाली. तिसऱ्या घरातल्या म्हातारीने मला ओळखलं, "मास्तर ना तुमी? बेस चित्र काढलाव," म्हणाली आणि पाणी दिलं. शेठचा माणूस त्या गावात कधी आलाच नव्हता. पोस्टरं बायांनी नेली होती, घागरीतलं पाणी मारून, अलगद, कारण चित्र चांगलं होतं. तसाच बायच्या घराकडे गेलो.

बाय ओटीवर बसली होती. डाव्या गालाशी पदर धरलेला. बोलताना तोंड पुरतं उघडत नव्हती.

"आयलास मास्तर? बस. तुझा चित्तर बघलास? सगल्या गावात मीच हाय आता."

आत भिंतीवर ती होती, पांढऱ्या दातांची, हसरी. खाली कोनाड्यात मशेरीची डबी. डबीच्या झाकणावर कुणीतरी कुंकवाने अधिक चिन्हासारखी खूण काढली होती.

"ही कुणी काढली, बाय?"

"मीच. चित्तरात हाय तशी. दवाखान्याची खून ना ती? भिंतीवर हाय ती, सुई टोचनाऱ्याच्या पेटीवर हाय ती. तूच तर रंगवलीस दवाखान्यावर, मना दाखवलं व्हतंस."

फुली मारली की चूक, हे शाळेत शिकवतात. बाय शाळेत गेली नव्हती. त्या गावातली माझ्या आईच्या वयाची किंवा बायच्या वयाची एकही बाई गेली नव्हती. त्यांनी जन्मात एकच तांबडी फुली पाहिली होती, आणि तिच्याखाली औषध मिळत होतं.

"पण वर लिहिलंय ना! सून वाचते ना तुझी?"

चौथी शिकलेली सून दारातून म्हणाली, "मी वाचून दाखवला मामा. तंबाखू घातक हाय."

"तंबाखू घातकच," बाय म्हणाली. "म्हनून तर तंबाखू सोडून ही लावाची. सरकार सांगतंय, मास्तरनं काढलंय, आनि कुनाचा ऐकाचा?" मग खालच्या आवाजात, "आधी तीन वेला लावी. ह्या दुखऱ्या जागंवर औषध म्हनून आता जास्ती लावतंय. पन उतार पडत नाय रं."

मी तिला पदर बाजूला करायला लावला. तोंड उघडायला सांगितलं. नखाएवढ्या चट्ट्याच्या जागी आता कडा उचललेली जखम होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी दोन महिने सायकलवर घालत होतो. शेठवर पाळत ठेवली, साहेबांच्या नखातला चुना मोजला, बाजारात बोंब मारली. एकाच माणसाच्या हातावर माझा कधी संशय गेला नाही, आणि तो हात ब्रश धरणारा होता. बायचं तोंड वाईट दिसू नये म्हणून मी काळे दात काढले नाहीत, काट मारली नाही, बोटं वाचवली. जे जे मायेने केलं त्यातून मशेरीची जाहिरात तयार झाली. मी तिथेच ओटीवर बसून रडलो. बायला आधी कळेना की दुखतंय तिला आणि रडतोय मी.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मोठी शस्त्रक्रिया झाली. डावा गाल आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. ती वाचली. जखम माझ्या चित्रामुळे चिघळली की ती तशीही चिघळणारच होती, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "सांगता येत नाही." ते मला वाचवायला असं म्हणतायत, हा संशय मात्र माझा अजून गेलेला नाही.

शेठकडे मी गेलो, आणि भर दुकानात माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. पानं विकणं काही बंद केलं नाही.

बाय बरी होऊन गव्हाणला आली तेव्हा मी भेटायला गेलो. डोक्यावरून घेतलेला पदर गालावरून दातांत धरून ती बसली होती. तिने सुनेला पाट आणायला सांगितला आणि शब्द तोडत तोडत मला म्हणाली, "कागद आनलास?"

"कसला?"

"चित्तराचा. आता काढ मना." आणि तिने पदर सोडला.

मला मान वर करवेना. ती म्हणाली, "बघून काढ. मागल्या वेलेला बघलास नाय तू, नुसती बहीन बघलीस."

मी काढलं. गाल आत गेलेला, ओठ एका बाजूला ओढलेला, उरलेले दात काळे. डबी हातात, नुसती, बिनखुणेची. फुली मी कुठेच मारली नाही. खाली तिच्या तोंडी एकच वाक्य घातलं, 'मी मशेरी लावत होते'. साहेबांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला, खिशातली पेन्सिल काढली, आणि काही न काटता परत खिशात ठेवली.

ती पोस्टरं त्याच जागी लागली. चावडी, विहीर, मिठागराची वाट. सवयीप्रमाणे मी दर रविवारी सायकलवर जाऊन मोजून येत असे. पुढच्या पावसात रंग धुऊन जाईपर्यंत ती सगळीच्या सगळी भिंतींवर होती. एकही कुणी घरी नेलं नाही.